मदत हवी आहे: डरहॅम रोमनेस्क, मग सँ-दनी गॉथिक कसं?

कलेच्या इतिहासाचा प्राथमिक अभ्यास करतेय. लास्कोच्या गुहाचित्रांपासून बायझंटाईनपर्यंत गाडी सुरळीत होती, रोमनेस्कला (युरोपातली गॉथिकच्या आधीची मध्ययुगीन वास्तुशैली) अडली. गोल कमान म्हणजे रोमनेस्क, टोकदार कमान नि फासळ्यांचं छत (रिब व्हॉल्ट, कमानीसारख्या दगडी पट्ट्यांचं छत) म्हणजे गॉथिक, असं पाठ केलं होतं. पण इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथीड्रलमध्ये (बांधकाम १०९३ पासून) फासळ्यांचं छत आहे, मुख्य दालनाच्या छताखाली टोकदार कमानीही आहेत, तरी ते रोमनेस्क! आणि पॅरिसजवळच्या सँ-दनी चर्चचा ११४०-४४ मधला पूर्वेकडचा भाग मात्र गॉथिकची सुरुवात. दोन्हींचे आराखडे शेजारी ठेवून पाहिले. डरहॅमचे खांब-भिंती फार जाड, एवढं कळलं. पण परीक्षेत आतला एकच फोटो येतो, आराखडा किंवा सन नसतो. अशा फोटोत कमान सोडून आधी नेमकं काय बघायचं?