वडिलांच्या डायरीतला 'आम्ही' कुठे गेला?

नौपाड्याची लेक
बाबा ७८ वर्षांचे आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. १९८४पासून रोज रात्री जेवण उरकलं की डायरी लिहितात. चार ओळी, फार तर पाच. पाणी किती वाजता आलं, भाजी काय आणली, तलावपाळीवर कोण भेटलं. आई २०२१मध्ये गेली. आता बिल्डिंग पाडायची म्हणून आम्ही भाड्याच्या घरात आलोय. खोकी सोडवताना डायऱ्या हाती लागल्या आणि मी वाचत बसले.

भाची मानसशास्त्रात एम.ए. करतेय. तिच्याकडून कळलं की अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या जेम्स पेनेबेकर यांनी लिखाणातले शब्द मोजून माणसाच्या मनाचा अंदाज घेणारं सॉफ्टवेअर केलंय. २००४च्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्या कॉलेजच्या मुलांच्या निबंधांत इंग्रजी 'आय' जास्त वेळा आला होता. मग मीही वही घेऊन मोजलं. मार्च २०१८मध्ये 'आम्ही' ४१ वेळा, 'मी' ९ वेळा. मार्च २०२४मध्ये 'आम्ही' एकदाही नाही, आणि 'मी' फक्त दोनदा. आधी असायचं "आम्ही तलावपाळीला जाऊन आलो", आता नुसतं "तलावपाळीला जाऊन आलो". 'मी' तर वाढायला हवा होता ना? बहीण म्हणते, वय झालं, लिहायचा कंटाळा येत असेल. मला मात्र रात्र रात्र झोप येत नाही. कुणाला यातलं कळतं का?

वाशीचे मास्तर
ताई, ३४ वर्षं मराठी शिकवलं, म्हणून हक्काने सांगतो, 'मी' मोजू नका. इंग्रजीत 'आय' लिहिल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. आपल्याकडे 'येतो' म्हटलं की बोलणारा आलाच. आणि बाबांनी "चहा केला" लिहिलं, तर तिथे क्रियापद चहाप्रमाणे चालतं, करणारा वाक्यात दिसतच नाही. तिकडची मोजपट्टी इथे जशीच्या तशी लागणार नाही.

तुमच्या उदाहरणात आणखी एक गोम आहे. पुरुष एकटा आला तरी 'आलो', नवराबायको दोघं आली तरी 'आलो'. बाई एकटी असेल तर 'आले'. म्हणजे बाबांच्या "जाऊन आलो"त ते एकटे आहेत की कुणी सोबत आहे, हे व्याकरण सांगूच शकत नाही. शिवाय आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. इंग्रजीच्या 'वुई'त दोन्ही एकाच पोत्यात जातात. मोजायचंच असेल तर बाबा 'आपण' कुणाला धरून लिहितात ते पाहा.

ऐरोलीहून, समुपदेशक
मास्तरांशी सहमत. जोडीला एक गोष्ट. हे अभ्यास अनेक माणसांची सरासरी सांगतात. २०१७मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा 'आय' आणि नैराश्य यांतला सहसंबंध ०.१३च्या आसपास निघाला (अगदी पक्का संबंध असेल तर हा आकडा १ येतो). एवढ्याशा दुव्यावरून एका माणसाचं निदान करता येत नाही.

अमेरिकेतले संशोधक डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ नन्सचा अभ्यास केला होता. त्यांतल्या काहींनी विशीत लिहिलेली आत्मकथनं तपासली. ज्यांच्या वाक्यांत शब्दांच्या मानाने सांगितलेले मुद्दे कमी होते, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमरचं प्रमाण जास्त दिसलं. ते तरुणपणीचं लिखाण होतं, त्यामुळे बाबांना ते लावू नका. पण बाबांची तुलना बाबांशीच करा. ओळखीच्यांची नावं गळतायत का? एकच नोंद पुन्हा होतेय का? जेवण, झोप, फेरी तुटलीय का? तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा. नसेल तर त्यांच्याशी बोला.

कळवा पूर्व
बोलण्याआधी एक विचारू? डायऱ्या वाचण्यापूर्वी त्यांना विचारलं होतंत का? माझ्या सासऱ्यांचं पत्र आम्ही असंच उघडलं होतं. त्यानंतर त्यांनी घरात लिहिणंच सोडलं. तुमच्या बाबांचं तसं होऊ नये.

नौपाड्याची लेक
कळवा पूर्व, नव्हतं विचारलं. काल रात्री जेवताना सांगून टाकलं. बाबा पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचल्यास ना, मग नीट वाच." नावं गळलेली नाहीत, फेरीही चालू आहे. शेजारच्या बिल्डिंगमधले दोघं सोबत असतात, त्यांना ते 'मंडळी' लिहितात. हा शब्द मी मोजलाच नव्हता.

मास्तर, मी "आलो म्हणजे कोण कोण?" असंही विचारलं. ते उठले आणि २०१९ची डायरी काढून दिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची अकरा पानं आईच्या हातची आहेत. माझ्या नजरेतून निसटली होती. पहिल्या पानावर तिने लिहिलंय, "ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. पट्टी उद्या सुटेल. पाणी सव्वासहाला." दोघं गेली होती, तरी 'आले'.

बाबा म्हणाले, "तिला विचारायचं राहिलं, असं का लिहिलं ते." मग चष्मा लावून उरलेली दहा पानं मला मोठ्याने वाचून दाखवली. आज ऐरोलीच्या ताईंनी सांगितलं तसं जुनं-नवं ताडून बघायला बसणार आहोत. बाबा म्हणालेत, वही तू घे, मोजतो मी.