मदत हवी आहे: मर्सरायझिंगची वीक लाय आटवायला इव्हॅपोरेटर कुठला, ट्यूब कसल्या?

मंडळी नमस्कार, इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसचं मेंटेनन्स बघतो. मर्सरायझिंगनंतरच्या (सुती कापड घट्ट कॉस्टिकमधनं काढतात ते) धुण्यातनं जी वीक लाय निघते, साधारण 5 टक्के कॉस्टिक सोडा, ती थोडी स्कावरिंगला (कापड उकळून साफ करायला) जाते आणि बाकीची ईटीपीत (सांडपाणी प्रकल्पात), तिथं वर ॲसिड ओतून न्यूट्रल करायची, म्हणजे दोन्हीकडनं पैसे पाण्यात. आता मालक म्हणतायत 25 टक्क्यांपर्यंत आटवून परत मशीनला देऊ. 1000 किलो लायमागं 800 किलो पाणी उडवायचंय, सिंगल इफेक्टमध्ये, म्हणजे वाफ एकाच टप्प्यात वापरून, बॉयलर रडेल एवढं कळतं, पुढं गाडी अडलीय.

तीन कोटेशनं आलीत. एक जण फॉलिंग फिल्म (लाय ट्यूबच्या आतनं पातळ थरानं खाली उतरते) देतो, ट्यूब एसएस (स्टेनलेस) 304 आणि बॉडी एमएस (साधं पोलाद). दुसरा म्हणतो 316च घ्या, मॉलिब्डेनम असतं. तिसऱ्याचा निकेलचा आकडा बघून मालकांनी चहाच बाजूला ठेवला.

एमएसची मला धास्ती आहे. आमच्या जुन्या स्टीम कॉईलवाल्या टाकीला वेल्डिंगशेजारी केसासारखी चीर गेली, बाहेरनं पांढरी दाढी फुटलेली, वेल्डरनं दोनदा मारलं आणि दोन्ही वेळा शेजारीच नवी चीर. पत्र्याची जाडी मात्र जशीच्या तशी!

प्रतिसाद:
दादा, तो गंज नाहीच, कॉस्टिक क्रॅकिंग आहे. वेल्डिंगचा ताण आणि गरम लाय एकत्र आली की एमएस तडकतं, स्ट्रेस रिलीव्ह (तापवून ताण काढणं) न करता वर नुसतं मारत बसलात तर चीर सरकत राहणार. 316ला जादा पैसे घालू नका, मॉलिब्डेनम क्लोराइडच्या पिटिंगला कामाचं, कॉस्टिकला त्याचा फारसा उपयोग नाही. आधी फीड फॉरवर्ड की बॅकवर्ड, म्हणजे लाय वाफेच्याच दिशेनं एकेका इफेक्टमधनं (टप्प्यातनं) जाते की उलटी, ते विचारा. फॉरवर्डमध्ये घट्ट लाय शेवटच्या, व्हॅक्यूमवाल्या थंड इफेक्टमध्ये असते, तिथं 304 निभतं. बॅकवर्डमध्ये तीच सगळ्यात गरम इफेक्टमध्ये, मग निकेलचा विषय निघतो. निकेल खरं लागतं ते 32 टक्क्यांची लाय 48-50 टक्के करणाऱ्या क्लोर-अल्कलीवाल्यांना (कॉस्टिक बनवणाऱ्या कारखान्यांना).

आणि लिंटचं काय? फॉलिंग फिल्मचा डिस्ट्रिब्युटर सुतानं तुंबला की ट्यूबा कोरड्या पडतात.

धागाकर्ता:
फीड कुठल्या बाजूनं ते तिघांनीही लिहिलेलं नाही, आत्ता परत चाळली. लिंटला सध्या फक्त एक जाळी आहे, शिफ्टला दोनदा काढली की मूठभर लगदा निघतो. शेवटच्या इफेक्टला फोर्स्ड सर्क्युलेशन (पंपानं लाय फिरवत ठेवणं) लावलेलं कुणी चालवतंय का? पंपाचं वीजबिल किती जाणवतं?