‘टोकाचे पाऊल’ : हताश झालेल्या, पण हातपाय न गाळलेल्या नवऱ्यासाठी शब्द हवा आहे

(शब्दांवरची एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पागोळी

आमच्या शहरातील चित्रपट मंडळात येत्या रविवारी फ्रेड काव्हाये यांचा २००८ सालचा ‘पूर एल’ हा फ्रेंच चित्रपट दाखवला जाणार असून, दारात वाटायच्या कागदासाठी त्याचा आठ ओळींचा मराठी परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शाळेत शिकवणाऱ्या एका सरळमार्गी माणसाच्या बायकोला खुनाच्या आरोपावरून २० वर्षांची शिक्षा होते. कायद्याचे सगळे दरवाजे वाजवून झाल्यावर तो तिला तुरुंगातून बाहेर काढायचे ठरवतो, आणि ज्याने आजवर कुणाशी वाकडे घेतले नाही तो माणूस बनावट पारपत्रे, पिस्तूल आणि पैसा यांच्या मागे लागतो.

मी लिहिले होते : ‘पत्नीसाठी टोकाचे पाऊल उचलणाऱ्या एका साध्या माणसाची थरारकथा.’ सासूबाईंनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘म्हणजे शेवटी तो जीव देतो का गं?’’ क्षणभर मला त्यांच्या प्रश्नाचा रोखच कळेना. मग लक्षात आले, की वर्तमानपत्रांनी हा शब्दप्रयोग आत्महत्येच्या बातमीसाठी इतकी वर्षे वापरला आहे, की त्यांच्या पिढीला आणि खरे तर मलाही त्याचा दुसरा अर्थ आता चटकन आठवत नाही. या माणसासाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

दौतटाक

आपल्या सासूबाईंचे वाचन बरोबर आहे आणि आपले वाक्यही बरोबर आहे. चूक आहे ती बातमीदारांची. ‘टोक’ म्हणजे सीमा, जिथे पुढे जागा उरत नाही ते ठिकाण, आणि त्या अर्थाने नोकरी सोडणे, घर विकणे, तुरुंग फोडणे ही सगळीच टोकाची पावले होत. मृत्यूचे नाव घ्यायचे नाही म्हणून एक पडदा शोधला गेला आणि तो पडदाच शब्दाला कायमचा चिकटला. असे शब्द आपण निमूटपणे सोडत गेलो, तर उद्या साध्या अर्थाने बोलायला भाषा उरणार नाही. माझे मत विचाराल तर शब्द बदलू नये. तरीही बदलायचाच असेल, तर ‘निर्वाणीचा उपाय’ हा अस्सल मराठी प्रयोग आहे आणि त्यात शेवटचेपण व गांभीर्य दोन्ही आहे.

उंबरा

वाचकाला जे ऐकू येते तोच शब्दाचा अर्थ असतो, त्यामुळे बातमीदारांना दोष देऊन रविवारचा कागद सुधारणार नाही. ‘निर्वाणीचा’ या शब्दाचीही तीच अडचण आहे. ‘निर्वाणीचा इशारा’ अजून संपाच्या बातम्यांत टिकून आहे हे खरे, परंतु नुसते ‘निर्वाण’ म्हटले की आजच्या महाराष्ट्रात बुद्ध आठवतात आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन आठवतो. ती शांतता एका बाजूला आणि खिशात पिस्तूल घालून फिरणारा हा मास्तर दुसऱ्या बाजूला, हे मला एका वाक्यात पेलत नाही.

शिवाय या चित्रपटाच्या बाबतीत सासूबाईंचा प्रश्न दुहेरी महत्त्वाचा आहे. याच कथेवर पॉल हॅगिस यांनी २०१० मध्ये जो अमेरिकन चित्रपट केला, त्यात तुरुंगातील बायको स्वतःच जीव देऊ पाहते, आणि त्यानंतर नवऱ्याचा निश्चय पक्का होतो. अशा कथेच्या परिचयात ‘टोकाचे पाऊल’ कुणाचे, ही शंका राहता कामा नये.

लाल माती

आमच्या कोल्हापूर भागात अशा वेळी ‘इरेला पेटला’ म्हणतात. तालमीत वडिलांच्या तोंडी हा शब्द मी पुष्कळदा ऐकला आहे. एकदा माझ्याहून अंगाने दुप्पट असलेल्या पोराने मला खाली घेतले, आणि चितपट व्हायच्या बेतात असताना मी मान ताठ करून पुलावर, म्हणजे डोके आणि पाय टेकून पाठ उचलून धरत, राहिलो. खांद्याखालची माती ओली लागत होती, कानात नुसता घुमघुमाट होता, आणि वडील कडेवरून दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते, ‘‘आता पेटला इरेला, आता नाही द्यायचा पाठ.’’ मात्र लिहिता लिहिताच मला जाणवले, की इरेला पेटायला समोर कुणीतरी प्रतिस्पर्धी लागतो. या मास्तराचा प्रतिस्पर्धी कोण? न्यायाधीश त्याला ओळखत नाही आणि तुरुंगाची भिंत कुणावर रागावलेली नसते. तेव्हा ‘जिवावर उदार’ कसा वाटतो?

पागोळी

‘जिवावर उदार’ मी आधी लिहून खोडला आहे. हा शब्द ऐकला की सिंहगडाचा कडा डोळ्यांसमोर येतो, आणि जो स्वतःचा जीव खर्चून टाकायला निघाला आहे असा वीर दिसतो. हा माणूस तसा नाही. घरात त्यांचा लहान मुलगा आहे, त्याला सोबत न्यायचे आहे, त्यामुळे मरणे त्याला परवडणारच नाही. ‘अगतिक’ही लिहून पाहिला. पण अगतिक म्हणजे ज्याच्यापुढे वाट नाही तो, आणि अगतिक माणूस बसून राहतो. हा बसत नाही. मला या दोन्हींच्या मधला माणूस हवा आहे.

उंबरा

मग ‘आततायी’?

दौतटाक

कृपा करून हा शब्द वापरू नये. आज आपण ‘आततायी’ म्हणजे उतावळा, डोक्यात राख घालणारा असे समजतो, परंतु मूळ संस्कृतात आततायी म्हणजे धनुष्य ताणून अंगावर आलेला मारेकरी. स्मृतिवचनात सहा आततायी सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि दुसऱ्याची बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो तो याच अर्थाने. ज्या शब्दाच्या पोटात ‘बायको पळवणारा’ हा अर्थ आहे, तो स्वतःच्या बायकोला परत आणू पाहणाऱ्याला लावणे हा अन्याय होईल.

उंबरा

‘आततायी’चा अर्थ वापराने बदलला हे आपण स्वतःच सांगत आहात, आणि तरी ‘टोकाचे पाऊल’ मात्र बदलू नये असा आपला आग्रह आहे. दोन शब्दांना दोन न्याय का?

दौतटाक

एक बदल हजार वर्षांत झाला आणि दुसरा मथळ्याच्या रकान्यात मावावा म्हणून झाला. मला हे दोन्ही सारखे वाटत नाहीत.

नदीकाठ

मी काही वर्षे पिट्सबर्गला होतो. अमेरिकन चित्रपटातील तुरुंग तिथलाच, मोनोंगाहेला नदीच्या काठचा. कामावरून परतताना ती प्रचंड इमारत रोज दिसायची, आणि तिच्या अरुंद खिडक्यांतील दिवे पाहून आत कोण असेल असा विचार यायचा. त्या चित्रपटातील एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. नवरा संगणकावर चित्रफिती पाहून घरीच एक चावी घासून तयार करतो आणि भेटीच्या दिवशी तुरुंगातल्या दारात ती घालून पाहतो. चावी कुलपात तुटते. पहारेकरी त्याला बाजूला घेऊन चौकशी करतात, आणि कसाबसा सुटून तो रस्त्याच्या कडेला ओकतो.

या माणसाला मराठीत विशेषण शोधू नये असे मला वाटते. ‘गळ्याशी येणे’, ‘निकरावर येणे’, ‘हातघाईवर येणे’, ‘जिवावर बेतणे’, ‘नाकातोंडात पाणी जाणे’ हे आपले प्रयोग पाहा. यांत माणूस कसा आहे हे आपण सांगतच नाही. प्रसंग येतो, प्रसंग बेततो, पाणी चढते, आणि माणूस त्यात सापडलेला असतो. तेव्हा ‘गळ्याशी आल्यावर’ या दोन शब्दांनी वाक्य सुरू करावे आणि पुढे त्याने काय केले ते क्रियापदांनी सांगावे.

लाल माती

हे पटले. ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ ही म्हणही या नवऱ्याला तंतोतंत लागू पडते. आयुष्यभर मुलांना धडे शिकवलेला माणूस पारपत्रांसाठी गल्लीतल्या भुरट्यांपुढे हात जोडतो, मार खातो, पैसे गमावतो. माकडिणीच्या गोष्टीत पाणी नाकाशी आल्यावर ती पिल्लू पायाखाली घेते. इथे पाणी नाकाशी आले तरी हा दुसऱ्याला वर उचलून धरतो, म्हणून ‘नाकातोंडात पाणी’ मी वापरणार नाही.

पागोळी

क्रियापदाचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्यानेच नवी अडचण उभी राहिली. ‘गळ्याशी आल्यावर तो बायकोला तुरुंगातून पळवतो’ असे लिहिले, तर ‘बायकोला पळवतो’ हे कानाला भलतेच लागते. पळवून नेणे हे लग्नाआधीचे किंवा दुसऱ्याच्या बायकोचे.

दौतटाक

इथे इतिहासाकडे पाहावे. १६६६ साली महाराज आग्र्याहून निघून आले, त्याला मराठीने सहसा ‘पलायन’ म्हटले नाही. आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून समुद्रात झेप घेतली, ती ‘मार्सेलिसची उडी’ झाली. वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी ‘तुरुंग फोडला’. पळाला, पसार झाला, फरारी झाला हे शब्द आपण चोरांसाठी ठेवले आहेत. जो आपला वाटतो तो सुटतो, जो परका वाटतो तो पळतो. रामाने सीतेला पळवून आणले असे कुणी म्हणत नाही. पळवले रावणाने, रामाने सोडवून आणले. म्हणून ‘सोडवून आणणे’ हेच क्रियापद योग्य होय.

काळा डगला

वकिली करत असल्यामुळे एक गोष्ट नमूद करतो. २०२४ मध्ये रद्द झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ प्रमाणे अपराध्याला आसरा देणे हा गुन्हा होता, परंतु त्याच कलमाच्या अपवादात पती किंवा पत्नी यांना त्यातून वगळले होते. म्हणजे दार वाजले आणि समोर फरारी नवरा उभा असला, तर त्याला आत घेणाऱ्या बायकोला कायदा शिक्षा करत नव्हता. मात्र कलम २२५ प्रमाणे कायदेशीर ताब्यातून दुसऱ्याला सोडवणे हा गुन्हा होता, आणि तिथे नवरा-बायकोसाठी अपवाद नव्हता. लपवणे माफ, सोडवणे नाही. दौतटाक यांना जो शब्द रामायणातून आला म्हणून गौरवाचा वाटतो, तोच आम्हाला आरोपपत्रात भेटतो. मला यात काही गैर वाटत नाही. उलट, एकाच क्रियापदात नवऱ्याची बाजू आणि सरकारची बाजू दोन्ही मावतात, आणि या कथेला तेच हवे आहे.

उंबरा

सोडवून आणण्याचा विषय निघाला आहे तर सावित्रीही आठवावी. हीच कथा २०२४ मध्ये हिंदीत आली तेव्हा इंग्लंडच्या तुरुंगात नवरा गेला आणि बाहेर बायको राहिली, आणि चित्रपटाचे नाव ‘सावी’ ठेवले गेले. वटपौर्णिमेच्या कहाणीत सावित्री यमाच्या मागे चालत राहते आणि त्याला त्याच्याच वरात अडकवते. तिचे सगळे गळ्याशी आलेले आहे, पण तिच्या बोलण्यात कुठेही घाई नाही. म्हणून मला ‘हातघाई’ या प्रकारातले शब्द नकोत. ज्याची खरोखर कोंडी झाली आहे तो माणूस अनेकदा फार शांतपणे, वही काढून, रेल्वेच्या वेळा लिहून घेतो.

दौतटाक

‘हातघाई’त गडबड नाही. बखरींतली हातघाईची लढाई म्हणजे तलवारीच्या अंतरावरून झालेली लढाई. तिथली ‘घाई’ ही घावाशी जुळणारी असावी असे मला वाटते.

उंबरा

बखरीत असेल. बसथांब्यावर ‘हातघाई’ म्हणजे भांडण.

नदीकाठ

‘सोडवून आणणे’ याला माझा एक आक्षेप आहे आणि तो पागोळी यांनी कागद छापायला देण्यापूर्वी विचारात घ्यावा. सीता निर्दोष आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तिला ‘सोडवले’. फ्रेंच चित्रपटातही बायको निरपराध आहे हे प्रेक्षकाला लवकर कळते. अमेरिकन चित्रपटात मात्र ती शंका जवळजवळ शेवटपर्यंत राखली आहे, आणि नवऱ्याला स्वतःच्या विश्वासाशिवाय कसलाच आधार नाही. तिथे ‘सोडवले’ म्हटले की आपण निकाल देऊन मोकळे होतो, ‘पळवले’ म्हटले तरीही देतो.

पागोळी

आमच्याकडे फ्रेंच चित्रपटच असल्यामुळे ‘सोडवून आणणे’ चालेल असे धरून वाक्य बदलले आहे : ‘सगळे गळ्याशी आल्यावर बायकोला तुरुंगातून सोडवून आणायला निघालेल्या एका शाळामास्तराची गोष्ट.’ ‘थरारकथा’ काढून टाकली. मूळ नावाचा अर्थही ‘तिच्यासाठी’ एवढाच आहे, त्यात ना थरार ना टोक. सासूबाईंनी हे वाक्य वाचले. त्या म्हणाल्या, ‘‘मास्तर’ म्हटलंस तर तो म्हातारा वाटतो.’’ आता तरुण शिक्षकाला काय म्हणावे, हे कुणी उद्या सकाळपर्यंत सांगू शकेल का?

लाल माती

आमच्याकडे तरुण असला तरी मास्तरच म्हणतात.

दौतटाक

‘शिक्षक’ लिहावे. आणि ‘थरारकथा’ परत घालावी. शब्द चांगला आहे.