मदत हवी आहे: पिसं झडत असताना कोंबडी बिनकवचाची अंडी घालतेय

गच्चीवाली (धायरी, पुणे)

ऱ्होड आयलंड रेड, वय १९ महिने. महिन्यापूर्वी वजन २.१ किलो होतं, आज १.९. गच्चीवर तीन कोंबड्या आहेत, त्रास हिलाच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मानेची पिसं झडायला लागली, मग छातीची, आता शेपटीची. मानेवर नव्या पिसांचे निळसर कोंब दिसतात. तुरा फिका आणि आखडलेला.

बारा दिवसांत पाच अंडी. पहिलं पातळ कवचाचं, हाताला वाळूसारखं खरखरीत. दुसरं, तिसरं आणि पाचवं म्हणजे नुसता पडदा, सकाळी दांडीखाली शिटेत पडलेलं. चौथं टणक, पण मध्यावर कडं घातल्यासारखा उंचवटा. फोडून पाहिली तर पांढरा भाग घट्ट, बलक ठीक. शिंका, घरघर नाही.

सकाळी लेअर मॅश (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), संध्याकाळी बाजरी-तांदूळ आणि पोळीचे तुकडे. शिंपल्याची भरड वेगळ्या वाटीत असते, ती खाते. कॅल्शियमचं औषध सुरू करावं का? जंताचं औषध द्यायची वेळ झाली आहे, ते आता चालेल का?

खुराडं

आधी एक सांगा, खुराड्यावर रात्री उजेड पडतो का? आणि पडत असेल तर किती वाजेपर्यंत?

गच्चीवाली

हो. जिन्यावरची ट्यूब अकराला बंद होते, तिचा उजेड थेट दांडीवर येतो.

खुराडं

मग कॅल्शियमच्या आधी ती ट्यूब बघा.

कोंबडीचं अंडी घालणं उजेडाच्या तासांवर चालतं. चौदा-सोळा तास उजेड मिळाला की अंडाशय चालू राहतो, दिवस लहान होत गेले की तो मिटतो आणि शरीर पिसांकडे वळतं. पुण्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा अकरा तासांच्या आसपास. आत्ता तुमच्या कोंबडीने थांबायला हवं, आणि ती थांबायला निघालीही आहे, तुरा आखडला तो त्यामुळेच. पण सकाळी साडेसहा ते रात्री अकरा म्हणजे साडेसोळा तास उजेड झाला. पिसं एक सांगतात, ट्यूब दुसरं.

आता कवच का चढत नाही ते. अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास ते कवचाच्या पिशवीत असतं. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. त्यातलं बरंचसं रात्री लागतं आणि पोटातलं कमी पडलं की हाडांतल्या खास साठ्यातून येतं. तो साठा इस्ट्रोजेन या संप्रेरकावर (हार्मोनवर) टिकतो, आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणंही त्याच्यावर अवलंबून. पिसं झडताना इस्ट्रोजेन उतरतं. म्हणून वाटीत भरड असून, ती खाऊनसुद्धा कवच होत नाही, आणि अंडं वेळेआधी दांडीवरूनच खाली पडतं. वरून औषध ओतून हे सुटत नाही. अंडी थांबू द्यायला हवीत.

ट्यूब हलवा किंवा दांडीच्या बाजूला जाड गोणपाट लावा, वरून हवा खेळती ठेवून. संध्याकाळी अंधार पडला की खुराड्यातही अंधार हवा. एक-दोन आठवड्यांत अंडी बंद होतात. पूर्ण पिसारा यायला दोन ते चार महिने लागू शकतात, तेवढा वेळ तिला द्या.

चौथ्या अंड्याचं कडं वेगळं आहे. कवच पातळ असताना ते आत तडकलं आणि वरून पुन्हा थर चढला. संध्याकाळी-रात्री कोंबडी दचकली, पडली की असं होतं. मांजर, बोका, आणि आता दिवाळीचे फटाके. त्या रात्री खुराडं जिन्याच्या आडोशाला घेता आलं तर घ्याच.

बाजरीकर

खाण्याचा हिशेब मांडून बघा. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. सगळं लेअर मॅश असेल आणि त्यात साडेतीन टक्के कॅल्शियम धरलं तर ३.८५ ग्रॅम मिळालं. निम्मी बाजरी-पोळी झाली की मॅशमधून १.९ ग्रॅमच उरलं, कारण बाजरीत कॅल्शियम नावापुरतं असतं. प्रथिनांचं तेच. पिसाचा जवळजवळ सगळा ऐवज प्रथिनांचा, आणि बाजरीत प्रथिनं दहा-अकरा टक्के.

पिसं भरेपर्यंत दाणे दिवसाला १० ग्रॅमवर आणा, पोळी बंद. सोयाबीन पेंड १० ग्रॅम मॅशमध्ये ओली करून, किंवा सुकट ५ ग्रॅम. सुकट दोन पाण्यांत धुऊन मीठ काढूनच द्या. पाल्यात पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. शेवग्याचा पाला द्या.

भरड २ ते ४ मिलिमीटरची हवी. पीठ झालेली भरड लगेच पुढे सरकते, जाड खडे गिझर्डमध्ये (दाणे दळणाऱ्या स्नायूच्या पोटात) रात्रभर झिजत राहतात. ती मॅशमध्ये मिसळू नका, वाटीतच असू द्या. अंडी बंद झाल्यावर जबरदस्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर पडतं. पानाचा चुना तर अजिबात नाही, तोंड पोळतं.

पिसारा

जंताच्या औषधाबद्दल: फेनबेंडाझोल असेल तर कोंब फुटत असताना देऊ नका, नवी पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. शिटेची तपासणी करून घ्या, जंत निघाले तर कोणतं औषध ते डॉक्टर ठरवतील. कोंबात रक्त असतं, दुखतं, म्हणून वजन करतानाही तिला कमीत कमी हाताळा.

मऊ अंड्याचा खरा धोका अडकण्याचा. अंडं पुढे ढकलणाऱ्या नळीला पकडायला टणक काही नसतं, त्यामुळे ती नुसतीच कुंथत राहते. पेंग्विनसारखी उभी राहिली, शेपूट वरखाली हलली, खाणं सोडलं, तर पोट बुडेल इतक्या ३८ ते ४० अंश पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. मग कोरडी करून उबदार अंधाऱ्या खोक्यात ठेवा. पोट दाबू नका, आत अंडं फुटलं तर पोटात पसरून जीवावर बेततं. दोन-तीन तासांत अंडं बाहेर आलं नाही तर पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका.

पांढरा भाग घट्ट आहे हे फार चांगलं लक्षण. तो पाण्यासारखा झाला, कवचावर सुरकुत्या आल्या, किंवा बाकीच्या दोघींचीही अंडी बिघडली तर ब्राँकायटिस या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा संशय धरावा लागेल. अशा वेळी औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात चौकशी करा.

गच्चीवाली

ट्यूब आजच काढते. बाकीच्या दोघी रोज अंडी देतात, त्यांनाही अंधार चालेल का?

खुराडं

चालेल. त्यांची अंडी कमी होतील, पण कवच बिघडणार नाही. मऊ अंडं दिसलं की लगेच उचला. एकदा चोच मारून चव लागली की तिघीही शिकतात. वजन आठवड्यातून एकदा, संध्याकाळी दांडीवर बसल्यावर करा. १.८ च्या खाली गेलं तर इथे लिहा.