मदत हवी आहे: १९४०-५०च्या काळातली होडीची आउटबोर्ड इंजिनं ईबेवर (ऑनलाइन लिलावाच्या साइटवर) विकायची आहेत. अख्खी की सुटी करून?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत मिलवॉकीत राहतो. शेजारचे आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले. एव्हिनरूड या आउटबोर्ड कंपनीच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस, आणि गॅरेजात लाकडी घोडीवर ओळीने अडकवलेली जुनी आउटबोर्ड इंजिनं. आजींना आता घर आवरून मुलीकडे राहायला जायचंय. मी उन्हाळ्यात आजोबांच्या हाताखाली कार्बोरेटर उघडायला, पॉइंट्स (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) घासायला शिकलो, म्हणून विक्रीचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून आवळायचं इंजिन. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली ते याच गावातून विकायला काढलं. दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड. मर्क्युरी या दुसऱ्या कंपनीचा जन्म १९३९चा, इथून उत्तरेला जवळच असलेल्या सीडरबर्गचा. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० साली कायमचं बंद झालं. त्यामुळे इकडे या इंजिनांकडे लोक घरच्या वस्तूसारखं बघतात, आणि मलाही ती तशीच वाटू लागली आहेत.

मुख्य इंजिनं तीन. एव्हिनरूड लाइटविन, ३ अश्वशक्ती: कॉम्प्रेशन (आतला दाब) दोन्ही सिलिंडरमध्ये सारखं येतं, ठिणगी मात्र एकाच बाजूला. जॉन्सन क्यूडी-१०, म्हणजे १९४९चं, १० अश्वशक्ती: फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) छान फिरतं, पण त्याची मूळची दोन नळ्यांची टाकी गायब आहे. तिसरं मर्क्युरी केजी-७, खाली शर्यतीचं क्विकसिल्व्हर गियरकेस (पंखा फिरवणाऱ्या दातेचक्रांची पेटी). याचं फ्लायव्हील जागचं हलत नाही.

माझी अडचण मर्क्युरीची आहे. चौकशीसाठी फोटो टाकले तर बहुतेक निरोप 'फक्त खालचा भाग देता का' असेच. एकाला कार्बोरेटर हवाय, एकाला हुड. सगळे आकडे जोडले तर अख्ख्या इंजिनापेक्षा बरेच जास्त होतात. आजींना पैशांची गरज आहे आणि त्यांचं नुकसान मला करायचं नाही. पण आजोबांनी हे इंजिन एकत्र राखलं, ते माझ्या हातून पाना लावून सुटं व्हावं हेही नको वाटतं. शिवाय एकदा सुटं झालं की पुन्हा जुळणार नाही. अख्खं विकून बरी किंमत येईल असा काही मार्ग आहे का? बाकी दोन पाठवायची कशी, आणि क्यूडीसाठी टाकी लिलावात घ्यावी का, तेही सांगा.

मिशिगनकर:
आधी ईबेवर 'सोल्ड' (विकल्या गेलेल्या वस्तू) फिल्टर लावा. लोक काय मागतात ते सोडा, प्रत्यक्षात किती मिळाले ते बघा. सुट्या भागांच्या बेरजेत एक गोष्ट लोक धरत नाहीत: क्विकसिल्व्हर आठवड्यात जाईल, पण उरलेला सांगाडा वर्षभर पडून राहील. आजींना घर रिकामं करायचंय ना? मग ती बेरीज कागदावरच राहते.

अडकलेलं फ्लायव्हील जोर लावून फिरवू नका. प्लग काढून दोन्ही भोकांतून गंज सोडवणारं तेल घाला आणि काही दिवस तसंच ठेवा. नाहीच सुटलं तर तसंच विका, पण 'सुटे भाग किंवा नादुरुस्त' याच प्रकारात टाका आणि 'फ्लायव्हील फिरत नाही' हे पहिल्या ओळीत लिहा. 'थोड्या खटपटीत चालू होईल' असं चुकूनही लिहू नका. घेणाऱ्याने वर्णनाशी जुळत नाही म्हणून तक्रार केली तर पैसे परत करावे लागतात, शिवाय इंजिन परत मागवायचं भाडंही आपल्याच माथी.

आणि एक महत्त्वाचं. शक्य असेल तर खातं आजींच्या नावाने उघडा. पैसे तुमच्या खात्यात आले तर कराच्या कागदांवर तुमचं नाव लागेल आणि पुढे दोघांनाही निस्तरत बसावं लागेल.

लेकसाइड_मावशी:
आमच्या ह्यांचा हाच छंद, म्हणून लिहिते. लाइटविनची ठिणगी सोप्पी आहे हो. त्या काळच्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या कॉइलचं (ठिणगीची वीज देणाऱ्या गुंडाळीचं) वेष्टण तडकतंच. नवी कॉइल अजून मिळते आणि एकच कॉइल कितीतरी मॉडेलांना बसते. ती बदला, पॉइंट्स साफ करा, पाण्याच्या पिंपात चालवा आणि व्हिडिओ टाका. चालणारं आणि न चालणारं यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. कोरडं मात्र क्षणभरही चालवू नका, पाणी खेचणाऱ्या पंपाचा इम्पेलर (रबरी चक्र) जळतो. पेट्रोलमध्ये तेल २४ला १, म्हणजे २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल. हल्लीचं ५०ला १ या इंजिनांना पुरत नाही.

क्यूडीच्या टाकीत एका नळीने इंजिनातून हवा येते आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल जातं, त्यामुळे आजची एका नळीची टाकी नुसती जोडून चालत नाही. टाकी लिलावात घ्यायची तर आतला गंज दिसेल असा फोटो मागा आणि नळ्यांची जोडणी शाबूत आहे का ते विचारा. मनाशी एक कमाल रक्कम ठरवा आणि शेवटच्या काही सेकंदांतच टाका. आधीपासून बोली लावलीत तर भाव चढतो, बाकी काही होत नाही. टाकीसकट क्यूडी ठेवलंत तर खर्च सहसा वसूल होतो.

देवबागचा_नाना:
मी मालवणात आउटबोर्डच्या होड्या चालवतो, त्यामुळे जुन्या मर्क्युरीचं मला ठाऊक नाही. पण तुमच्याकडची इंजिनं गोड्या पाण्यात चाललेली असणार. हे जाहिरातीत ठळक लिहा दादा! खारं पाणी ॲल्युमिनियमला आतून खातं, बोल्ट असे धरतात की डोकं तुटतं पण सुटत नाहीत. माहीतगार माणूस या एका वाक्यावर बोली वाढवेल.

मिशिगनकर:
नाना बरोबर बोलले. पाठवण्याबद्दल राहिलं: टपाल खातं ७० पौंडांपर्यंत घेतं, यूपीएस १५० पर्यंत. लाइटविन सहज जाईल. पण टाकी, नळ्या, कार्बोरेटर पूर्ण कोरडे हवेत. पेट्रोलचा वास आला तरी खोकं अडवतात. सुकाणूचा दांडा काढून वेगळा गुंडाळा आणि खालच्या पात्याला जाड फोम द्या, तेच आधी मोडतं.

मर्क्युरी मात्र खोक्यात घालू नका. 'येऊन घेऊन जाणे' एवढंच ठेवा. अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब १९६५ पासून आहे, त्यांचे मेळावे भरतात. तिथे नेलंत तर अख्खं इंजिन उभं करणारी माणसं समोर भेटतील, आणि केजी-७ शर्यतीच्या खालच्या भागासकट असेल तर त्यांचे डोळे चमकतील.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. आजींशी बोललो. मर्क्युरी सुटं करायचं नाही, असं त्यांनीच सांगितलं. मेळाव्यात नेईन. कॉइल मागवली आहे. मावशी, लाइटविनसाठी हा मजकूर लिहिलाय, बघता का: 'एव्हिनरूड लाइटविन, ३ अश्वशक्ती. फक्त गोड्या पाण्यात वापरलेलं. नवी कॉइल, पॉइंट्स साफ केलेले. पिंपात चालवल्याचा व्हिडिओ सोबत. इम्पेलर बदललेला नाही. रंग मूळचा, हुडला एक पोचा.'

लेकसाइड_मावशी:
छान आहे. कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे घाला आणि पोच्याचा जवळून फोटो द्या. आणि इम्पेलर बदलूनच टाका, स्वस्त मिळतो.