'आदिजीव', 'प्रोटिस्ट', 'प्रोटिस्टा' : कोणता शब्द कुठे?

प्रश्न : लेखात 'प्रोटिस्ट'ऐवजी 'आदिजीव' लिहिले तर चालेल का? 'प्रोटिस्ट' आणि 'प्रोटिस्टा' यांत काही फरक आहे का?

• 'आदिजीव' नको. शालेय पुस्तकांत तो प्रोटोझोआसाठी रुळला आहे : अमिबा, पॅरामेशियम, हिवतापाचा प्लाझ्मोडियम वगैरे. प्रोटिस्ट म्हणजे वनस्पती, प्राणी, कवके (बुरश्या) यांत न बसणारे, पण पेशीत केंद्रक असलेले जीव. त्यांत डायॅटमसारखी सूक्ष्म शैवालेही येतात. म्हणजे आदिजीव हे प्रोटिस्ट खरेच, पण सगळे प्रोटिस्ट आदिजीव नव्हेत. शिवाय 'आदि' हा उपसर्गच इथे घात करतो. 'आदिकेंद्रकी' म्हणजे पटलबद्ध (पातळ पडद्यात बंद) केंद्रक नसलेले जीव, उदाहरणार्थ जीवाणू. आदिजीवांना मात्र केंद्रक असते, ते दृश्यकेंद्रकी. 'आदिजीव' आणि 'आदिकेंद्रकी' एका परिच्छेदात आले की वाचक अमिबाला जीवाणूंच्या पंक्तीला बसवतो.

'प्रोटिस्टा' हे वर्गीकरणातल्या एका सृष्टीचे, म्हणजे जीवांच्या मोठ्या गटाचे, नाव, 'प्रोटिस्ट' हा तिच्यातला एक जीव. 'अमिबा हा प्रोटिस्टा आहे' हे वाक्य चूक.

• पण 'प्रोटिस्ट'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'सर्वांत पहिला' असाच आहे ना? मग 'आदिजीव' हा त्याचा सरळ अनुवाद झाला.

• व्युत्पत्तीने झाला, वापराने नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये प्रोटिस्टा हे नाव दिले तेव्हा केंद्रक नसलेले जीवही त्यात घेतले होते. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिटाकरच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीत (सर्व जीवांच्या पाच सृष्टी) ते मोनेरा या वेगळ्या सृष्टीत गेले, आणि प्रोटिस्टांत मुख्यतः एकपेशीय दृश्यकेंद्रकी उरले. समुद्रातली मोठी तपकिरी शैवाले व्हिटाकरने वनस्पतींत ठेवली. आज ती प्रोटिस्टांत मोजतात. जनुकांची तुलना सुरू झाल्यावर तर कळले, की हा एका पूर्वजाचा वंशच नाही. वनस्पती, प्राणी, कवके यांत न बसणारे दृश्यकेंद्रकी, एवढाच आता 'प्रोटिस्ट'चा अर्थ. त्यामुळे 'प्रोटिस्टांचे समान लक्षण' असे लिहिताना केंद्रकापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

• याच विषयातली आणखी एक गल्लत : नील-हरित शैवाल. नावात शैवाल असले तरी ते जीवाणू आहेत, प्रोटिस्ट नव्हेत.

• 'रोमके' आणि 'पक्ष्माभिका' एकच का?

• हो, पेशीवरचे केसासारखे हलणारे धागे. कशाभिका मात्र वेगळ्या. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, कशा म्हणजे चाबूक. आखूड आणि पुष्कळ ती पक्ष्माभिका (पॅरामेशियम), लांब आणि मोजक्या त्या कशाभिका (युग्लीना). आतली रचना दोन्हींची सारखी : मध्ये दोन सूक्ष्मनलिका, भोवती नऊ जोड्या. जीवाणूंच्या कशाभिकेत हे काहीच नसते. ती फ्लॅजेलिन या प्रथिनाची बनलेली असते. मराठीत प्रोटिस्टांच्या आणि जीवाणूंच्या कशाभिकेला एकच शब्द आहे, म्हणून 'जीवाणूंची कशाभिका' असे पूर्ण लिहावे.

• शेतीविषयक मजकुरातही जपावे लागते. द्राक्षावरचा केवडा (डाऊनी) आणि भुरी या दोन्हींना सरसकट 'बुरशी' म्हणतात. भुरी ही खरी बुरशी. केवड्याचा रोगकारक जीव प्लाझ्मोपॅरा मात्र डायॅटम आणि तपकिरी शैवालांच्या गोतावळ्यातला, म्हणजे प्रोटिस्ट. त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकान यांची, बुरशीसारखी कायटिनची नव्हे. हेक्झाकोनॅझोलसारखी ट्रायझोल औषधे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. प्लाझ्मोपॅरा ते बनवतच नाही, म्हणून या फवारणीने भुरी आटोक्यात येते आणि केवडा तसाच पसरत राहतो. उलट मेटॅलॅक्झिल हे औषध केवड्यावर चालते, भुरीवर नाही. तेव्हा केवड्याच्या बाबतीत 'बुरशीसदृश जीव' लिहा आणि दोन्ही रोगांची नावे वेगळी ठेवा.