गच्चीवरचा पाला कोणाचा?

रविवार, सकाळी ८:१०

सी-१०२ (सेक्रेटरी): सुप्रभात मंडळी. बी विंगच्या गच्चीवर टाकीजवळ जुन्या साडीवर काळपट पाला पसरलाय. आंबूस वास येतोय. ज्यांचा असेल त्यांनी दुपारपर्यंत उचलावा. गच्ची कॉमन आहे, कृपया नोंद घ्यावी.

ए-७०१: कचराच असणार. वॉचमनला सांगा, घंटागाडी यायच्या आत खाली आणेल.

बी-४०२: थांबा, थांबा! कोणी हात लावू नका. माझा आहे तो. कचरा नाही, गुंद्रुक आहे.

ए-७०१: नावालाही वास आहे.

सी-३०४: गुंद्रुक म्हणजे काय गं?

बी-४०२: मुळ्याचा पाला. जांभळी नाक्याला भाजीवाले मुळा देताना पाला मोडून खाली टाकतात, तो मी मागून आणते. दोन दिवस सावलीत मलूल होऊ द्यायचा, लाटण्याने चेचायचा आणि बरणीत कोंबायचा. कोंबायचा म्हणजे अक्षरशः मुठीने, आत हवा राहता कामा नये. मीठ नाही, तेल नाही. आठवडाभरात स्वतःच्याच रसात आंबतो, मग कडक उन्हात वाळवायचा. वर्षभर राहतो. माझी आई कालिम्पोंगची, तिच्याकडे थंडीत घरोघरी हेच चाललेलं असतं. ठाण्यात मात्र डिसेंबर-जानेवारी सोडून नाद करायचा नाही. एकदा ऑक्टोबरात घाई केली तर दमट हवेत अख्ख्या साडीवर पांढरी बुरशी. सेक्रेटरीसाहेब, आज चौथं ऊन आहे, उद्या संध्याकाळी नक्की उचलते. वासाबद्दल सॉरी.

सी-३०४: पण तू तर मालवणची ना? आडनाव तर तिकडचंच.

बी-४०२: बाबा मालवणचे. सिलिगुडीला नोकरीला होते, तिकडेच जमलं. आईला आम्ही आमा म्हणतो, नेपाळीत तसंच म्हणतात. लग्नानंतर आमा पहिल्यांदा मालवणला गेली तेव्हा आजी बांगड्याचं तिखलं करत होती. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती. आमा चुलीपाशी गेली, पातेल्यावर वाकली आणि म्हणाली, "तिमुर!" आजीला वाटलं, सून काहीतरी मागतेय. मग आमाने ट्रंकेतून कागदाची पुडी काढली. आजीने दाणे तळहातावर घेतले, चुरडले, हुंगले आणि विचारलं, "गो बाय, ह्यां तुझ्याकडे खंयसून इलां?" तिच्या मते ती आपलीच, तिखल्यात घालायची तिरफळं होती, फक्त जरा बारकी. ही गोष्ट आजी शेवटपर्यंत सांगायची. दर वेळी पुडी थोडी मोठी होत गेली, ते सोडा.

सी-३०४: कसलं भारी. सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आणलंस.

ए-७०१: माझ्याही आलं. वासाने.

ए-२०४: वनस्पतिशास्त्र शिकवलं आयुष्यभर, म्हणून राहवत नाही. आजी फारशा चुकल्या नव्हत्या. आपलं तिरफळ, नेपाळचं तिमुर आणि चीनमधली सिचुआन मिरी ही तिन्ही एकाच प्रजातीतली, झँथोझायलम. कूळ लिंबाचं. बेल आणि कढीपत्ताही त्याच कुळातले. काळ्या मिरीशी काही संबंध नाही, नावच तेवढं मिरीचं. लिंबूवर्गीय झाडांवर कँकर रोग पसरेल या भीतीने अमेरिकेने १९६८ ते २००५ या काळात सिचुआन मिरीच्या आयातीवर बंदी ठेवली होती.

सी-६०१: सर, आत्ता कळलं! मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाला चेंगडूला गेलो होतो. मापो तोफूचा पहिला घास घेतला आणि ओठ झिणझिणायला लागले. बाकीचे पाणी मागतायत आणि मला मामाकडचा बांगडा आठवतोय. तिथे या चवीला 'मा-ला' म्हणतात. मा म्हणजे बधिर करणारं, ला म्हणजे तिखट.

ए-२०४: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ती झिणझिण मोजली. सेकंदाला साधारण ५० वेळा थरथर, असं निघालं.

सी-३०४: आपल्या विजेचेही ५० च ना सर? म्हणजे तिखल्याला मीटर लावावा लागणार.

सी-६०१: आणि गंमत म्हणजे तलावपाळीला आपण 'शेजवान' म्हणून जे हाणतो, त्यात सिचुआन मिरीचा दाणासुद्धा नसतो. मिरची, लसूण, व्हिनेगर, संपलं.

बी-४०२: म्हणून आमच्या घरची शेजवान तिरफळाची! पण ती जमायला तीन वर्षं गेली. आमा तिमुर कोरडं भाजते आणि कुटते, चटणीत घालते. मी तिरफळालाही तेच केलं, बियांसकट मिक्सरला लावलं. कडू जहर. दाताखाली वाळू ती वेगळीच. मालवणात तिरफळ कोणी वाटत नाही. जरासं ठेचायचं, काळी बी टाकून द्यायची, टरफल कालवणात सोडायचं आणि ताटात आलं की बाजूला काढायचं. आजीने शंभरदा दाखवलं होतं, माझं लक्ष कुठे होतं देव जाणे. आता मी टरफलं कोमट तेलात अर्धा तास ठेवते आणि गाळून घेते. त्याच तेलात भरपूर लसूण, भिजवून वाटलेली बेडगी आणि व्हिनेगरच्या जागी कोकमाचं आगळ. मोमोबरोबर द्या, भाकरीबरोबर द्या.

सी-३०४: वाटीभर पाठव.

ए-७०१: वाटी पाठवा, पण एक सांगतो, राग मानू नका. मालवणी ते मालवणी, नेपाळी ते नेपाळी. प्रत्येकाची चव शेकडो वर्षांत घडलेली असते. सगळं एकत्र करून कडबोळं कशाला?

बी-४०२: काका, कडबोळी भाजणीचीच असतात की! आणि भाजणीत किती धान्यं, ते काकूंना विचारा.

सी-५०१: आपण उपासाला खातो ते साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं आहे, हे किती जणांना माहीत...

ए-७०१: हा फॉरवर्ड दर आषाढीला येतो हो. कळलंय मला. पण ते रुळायला पिढ्या गेल्या. एका रविवारात नाही झालं.

ए-२०४: साबुदाण्याला फार पिढ्या गेल्या नाहीत. तमिळनाडूतल्या सेलमचे कारखाने सुरू झाले ते १९४० च्या दशकात.

बी-४०२: काकांचं मला पटतं खरं तर. रविवारी टीव्हीवर बघून केलेलं सोमवारी कोणी मागत नाही. आमच्याकडेही निम्मं फसलेलंच आहे, फक्त फसलेल्याचे फोटो ग्रुपवर येत नाहीत. एकदा मोदकाच्या कळ्या आणि मोमोच्या चुण्या सारख्याच दिसतात म्हणून तांदळाच्या उकडीत कोळंबीचं सारण भरलं. दिसायला सुंदर! पण मोमोत मैद्याची पारी असते, आतला रस धरून ठेवते. उकड तो रस पिते. मोदकपात्र उघडलं तर सगळे मोदक बसलेले, चाळणीतून कोळंबीचं पाणी खाली. आजी तर बघायलाही आली नाही. "मोदकात म्हावरां?" एवढंच म्हणाली आणि वरणभात जेवली. तेव्हापासून मी दिसण्यावर जात नाही. ते ताटात काम काय करतं, हे बघते. आंबट कशाने येतंय, ओल कोण धरतंय, दाटपणा कशाचा.

ए-५०३: अगदी बरोबर. मग गुंद्रुकाचं काय करतेस शेवटी?

बी-४०२: वहिनी, गुंद्रुक आणि सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशीकडून सोडे आणते. सोडे आणि गुंद्रुक दोन्ही धुऊन वेगवेगळे भिजवायचे. मोहरीच्या तेलात कांदा, सुकी मिरची, हळद, मग बटाट्याच्या फोडी आणि सोडे परतायचे. सोड्यांचा वास बदलला, कच्चा जाऊन भाजका यायला लागला, की गुंद्रुक पिळून घालायचा आणि दोन-तीन वाट्या पाणी. पातळच ठेवायचं, भातावर ओतता आलं पाहिजे. पहिल्यांदा केलं तेव्हा माशाचं कालवण म्हटल्यावर हात आपोआप कोकमाकडे गेला. गुंद्रुक आधीच आंबट, त्यात चार आमसुलं! नवरा बिचारा एक डोळा मिटून जेवला. आता कोकम नाही, टोमॅटोही नाही. आमाच्या कृतीत भाजलेले सोयाबीन असतात, इथे ते घरात कोणाला आवडत नाहीत, तेवढी जागा रिकामी आहे.

ए-५०३: सोयाबीनच्या जागी कडवे वाल घाल. मोड आणून सोललेले. आम्हा सीकेप्यांना बिरड्याशिवाय सुचत नाही म्हण हवं तर, पण बिरडं मोडत नाही, शिजून अख्खं राहतं आणि त्याचा कडवटपणा आंबटाला छान धरतो. सोड्याबरोबर तर आमच्याकडे वाल पूर्वीपासून.

बी-४०२: वहिनी!! हे कसं सुचलं नाही इतकी वर्षं? डाळिंब्या आहेत का सोललेल्या? नसतील तर आज रात्रीच भिजवते.

ए-५०३: आहेत वाटीभर, फ्रीजमध्ये. ये घेऊन जा.

ए-००१: नमस्कार. टायपिंग नातू करतोय, बोलतेय मी, तळमजल्यावरची आजी. सातव्या मजल्यावरच्या भाऊंना सांगा, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू लोक, ठाण्यात आज आलेलो नाही. टेंभी नाक्याचं आमचं सिनेगॉग १८७९ चं आहे. आमच्यात मटणाबरोबर दूध-दही चालत नाही. कोकणात नारळ होता, मग नारळाचं दूध धरलं आणि निभावलं. आमचे प्रेषित एलियाहू हन्नबी यांच्या नावाने मलिदा करतो तो पोह्यांचा, खोबरं, साखर, वेलची घालून. पोहे काही आम्ही यरुशलेमहून आणले नव्हते. माझ्या सासूबाई त्यालाच आपलं जुनं म्हणायच्या. मुली, मला गुंद्रुक चाखायचा आहे, पण सोडे नकोत. खवले नसलेलं आम्ही खात नाही.

बी-४०२: आजी, तुमच्यासाठी सोडे टाकायच्या आधीच वेगळं काढेन. पातेलंही वेगळं लावते.

ए-००१: नातू म्हणतो, त्याला सोड्याचं पाठवा. मी ऐकलं नाही असं समजा.

ए-७०१: आजी, तुमचा मलिदा मी खाल्लाय. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार वासाची आहे. मला दमा आहे आणि माझी खिडकी गच्चीखालीच आहे.

बी-४०२: अरे देवा. काका, हे आधी सांगायचं ना! दम्याचं माहीत असतं तर तिथे घातलाच नसता. आत्ताच सी विंगच्या बाजूला हलवते, वारा तिकडून खाडीकडे जातो.

ए-७०१: आभारी आहे. आणि ती शेजवान म्हणालात, त्यात कांदा आहे का?

बी-४०२: कांदा नाही, लसूण आहे भरपूर.

ए-७०१: मग राहू द्या.

सी-१०२ (सेक्रेटरी): चांगली चर्चा. तरी नियमासाठी सांगतो, पुढच्या वेळी गच्ची वापरायच्या आधी मेसेज टाकावा. पापड, कुरडया, सांडगे, गुंद्रुक, सगळ्यांना लागू.

सी-३०४: सेक्रेटरीसाहेबांनी गुंद्रुक एका दमात बरोबर लिहिला, इतिवृत्तात घ्या.

सी-६०१: मी गच्चीवर आहे. मच्छरदाणी वाऱ्याने उडालीय आणि कबुतरं पाला उधळतायत. पाच-सहा आहेत. बी-४०२, लवकर या.

बी-४०२: आले!! तोवर हाकला कोणीतरी!

सी-६०१: हाकलतोय. एक जण चोच मारतोय आणि मान झटकतोय. त्यालाही आंबट लागलं वाटतं.